दिंडीच्या पायांची शंभर वर्षं



स्मरणिकेच्या मंडळींनी आम्हाला सांगितलं, बुवा, दिंडीचा इतिहास तुम्ही लिहा. आमची शाळा चौथीपर्यंत. शेती आणि कीर्तन यातच साठी उलटली. विणेकरी कोण कोण झाले, मुक्काम कुठं कुठं पडत, पंगती कोणी घातल्या, हे सगळं ह्याच पुस्तकात दुसऱ्या मंडळींनी लिहिलं आहे. मग आम्ही म्हटलं, शंभर वर्षं दिंडी चालली ती ज्याच्या जोरावर चालली त्याचं काही लिहावं. ते म्हणजे पाय. त्यातही म्हाताऱ्या माणसांचे पाय, कारण दिंडीत तरण्यापेक्षा म्हातारीच माणसं जास्त.

आपल्या संप्रदायात पायाला केवढा मान, हे वारकऱ्याला सांगायला नको. पालखीत काय असतं? मूर्ती नसते, पादुका असतात. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी काढली असं सांगतात, ती पादुका घेऊनच. नामदेवराय महाद्वाराच्या पायरीशी राहिले ते संतांच्या पायाची धूळ अंगावर पडावी म्हणून. आपण तासन् तास रांगेत उभे राहतो ते देवाच्या पायावर डोकं टेकवायला. लाखो हात लागून देवाच्या पायाची झीज झाली, तेव्हा २०२० च्या जून महिन्यात, आषाढीच्या आधी, पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांनी वज्रलेप केला. त्याच्या आधीही केला होता. म्हणजे देवाच्या पायाकडं पाहायला सरकारचं खातं आहे. मग म्हाताऱ्या वारकऱ्याच्या पायाकडं कोण पाहत आलं, आणि आता कोण पाहतं, एवढंच आम्हाला सांगायचं आहे.

जुन्या काळची गोष्ट आम्ही आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेली. त्यांच्या वेळी दिंडी गावाहून पायीच निघायची. आपल्या इकडची काळी माती. पहिला पाऊस पडला की एकेका पायाला दोन दोन शेर चिखल. बोटांच्या बेचक्यात चिखल्या व्हायच्या, पांढरं पडून कातडं सोलायचं. कार्तिकीला उलट, टाचांना भेगा, त्यात खडे जायचे. दमलेली मंडळी कुर्डुवाडीहून पंढरपूरला छोट्या गाडीनं जात. बार्शी लाइटची ती गाडी १९०६ पासून पंढरपूरला जायला लागली होती. पण आजोबा म्हणत, गाडीत बसणाऱ्याला दिंडीत जरा खालीच पाहत. आम्हाला हे बरोबर वाटत नाही. ज्याचे पाय गेले त्यानं बसावं, त्यात देवाला काय कमीपणा?

तेव्हा पायाचा दवाखाना म्हणजे गावातलेच लोक. न्हाव्याकडं नराणी असायची. म्हाताऱ्या माणसाची नखं तो भिजवून, मऊ करून काढायचा. कुरूप असेल तर वरवर तासायचा. चांभार पाय पाहून वहाणा करायचा. अंगठ्याशी हाड वाढलेलं असेल तर तिथं कातडं मोकळं सोडायचा, टाच फुटकी असेल तर मागं उंच धरायचा. ह्याचे पैसे रोख नव्हते. सुगी झाली की खळ्यावर बलुतं मिळायचं. आणि मुक्कामाच्या गावी बायाबापड्या जवसाचं नाहीतर मोहाचं तेल घेऊन बसत, आणि येईल त्या वारकऱ्याचे पाय चोळून देत. कोणाचे पाय, कोणत्या गावचे, विचारत नसत. म्हाताऱ्याच्या पायाची पंचाईत होती, पण त्याला त्यासाठी कुठं जावं लागत नव्हतं. सेवा दारात येत होती.

पण ह्यात एक गोष्ट झाकून ठेवली तर हा इतिहास खोटा होईल. ज्या चांभाराची वहाण पायात घालून गाव पंढरीला जात होतं, त्याला त्याच पंढरीत देवाच्या पायाशी जाता येत नव्हतं. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे, ती आपण सगळे पाहतो. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपास केला, तेव्हा कुठं मंदिर हरिजनांना उघडं झालं. आजही पुण्याच्या मुक्कामी चर्मकार मंडळी रस्त्याच्या कडेला बसून वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देतात. तिथं चप्पल देताना आम्ही आधी हात जोडतो.

बायांच्या पायाचं वेगळंच. डोक्यावर तुळस, पायात जोडवी. पाय सुजले की जोडवं बोटात रुतायचं, खाली जखम व्हायची, पण जोडवं काढायचं नाही आणि परक्या माणसाला पाय दाखवायचा नाही. लुगड्याचा काठ पुढं ओढून घ्यायची आणि चालायची. आमची आजी अशीच चालली.

सरकार वारीत आलं ते पायासाठी आलं नाही. ते आलं पटकीसाठी. चंद्रभागेचं पाणी, लाखोंची गर्दी, आणि पटकीची साथ, ह्यानं पंढरपुरात माणसं मरत. म्हणून टोचून घेतल्याशिवाय यात्रेला सोडत नसत. आमच्या लहानपणी दिंडीतल्या जुन्या मंडळींच्या दंडावरची ती सुई हा गमतीचा विषय असे, पण तिनं माणसं वाचली हे खरं. पाण्यात औषध टाकणं, संडास, टँकर, हे सगळं त्याच वाटेनं आलं. डॉक्टर पोट पाहत होता, ताप पाहत होता. पायाला पट्टी मागितली तर द्यायचा, पण पाय हा त्याच्या कामाचा भाग नव्हता.

इकडं गावात काय झालं? बलुतं संपलं. न्हाव्याच्या पोरानं शहरात सलून टाकलं. तिथं केस कापतात, दाढी होते, म्हाताऱ्याच्या पायाची नखं कोणी काढत नाही. वहाणा गेल्या, टायरच्या आल्या, मग प्लास्टिकच्या, मग रबरी स्लीपर. आणि माणसंही गेली. आपली दिंडी गावची खरी, पण आज अर्धी दिंडी नागपुरात, प्रतापनगर, खामला, गोपालनगर, त्रिमूर्तीनगर इथं पोरांकडं राहते. म्हणून तर शंभराव्या वर्षाचा सप्ताह प्रतापनगरात घेतला.

नखाची गोष्ट ऐकायला बारीक वाटते. पण सत्तरीच्या माणसाला विचारा. कंबर वाकत नाही, डोळ्याला दिसत नाही, हात थरथरतो. नख शिंगासारखं जाड होते, वळते, शेजारच्या बोटात शिरते. सुनेला सांगायची लाज, मुलाला वेळ नाही. मग म्हातारा विळ्यानं नाहीतर ब्लेडनं आपणच काढायला जातो. आमच्या पाहण्यात पायाच्या निम्म्या जखमा चालण्यानं नाही, ब्लेडनं झाल्या. काही जण भेगांवर बिब्बा तापवून लावतात. जिथं समजतं तिथं माणूस हाय करून पाय ओढतो. जिथं समजत नाही तिथं भाजून निघते.

समजत नाही, हा शब्द नीट ध्यानात घ्या. आपल्या दिंडीतले एक विणेकरी बाबाजी प्रतापनगरात मुलाकडं राहतात. नाव लिहीत नाही, सगळे ओळखतात. पंधरा वर्षांची साखर. एक दिवस सकाळी चप्पल घालून देवळात गेले, बाजार केला, दुपारी घरी आले. सूनबाईला फरशीवर रक्त दिसलं. पाहतात तर चपलेत खडा, आणि तळव्याला भोक. बाबाजी म्हणाले, “मले तं काईच समजलं नाई बुवा. टोचलंच नाई.” मग दवाखान्याची फिरती. एका ठिकाणी चिठ्ठी काढली तर म्हणाले साखरेची ओपीडी वेगळी. साखरेच्या ओपीडीत गोळ्या लिहून दिल्या, पाय टेबलाखालीच राहिला. जखमेसाठी सर्जरीला जा. तिथं वार दुसरा. चामडीवाल्यांकडं जा. ऑटोचं भाडं, मुलाची रजा, जिना. तीन आठवडे असे गेले, आणि पाय काळा पडायला लागला तेव्हा मात्र सगळे एका दिवसात जमले आणि दोन बोटं काढली. ह्यात कोणी एक माणूस वाईट होता असं आम्ही म्हणत नाही. दाताला डॉक्टर आहे, डोळ्याला आहे, कान-नाक-घशाला मिळून एक आहे. पायाच्या नावाची पाटी कुठंच नव्हती.

इंग्लंडात पायाचा वेगळा जाणकार असतो, त्याला पोडियाट्रिस्ट म्हणतात, आणि साखर असलेल्या माणसाचे पाय वर्षातून एकदा सरकारी खर्चानं तपासतात. हे आम्हाला दिंडीतल्या एका डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही म्हटलं, इंग्लंडचं राहू द्या, आपल्याकडं पायाचं कोणी काहीच शिकलं नाही का? तेव्हा ते म्हणाले, शिकलं तर, आणि तुमच्या शेजारीच.

ते म्हणजे वर्ध्याजवळचं दत्तपूर. विनोबांच्या प्रेरणेनं मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली तिथं कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. सेवाग्रामला गांधीजी स्वतः परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करत. अमरावतीला दाजीसाहेब पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. आपल्या विदर्भाइतकं ह्या रोग्यांच्या पायाशी बसलेलं मुलूख दुसरं कमीच असेल. आणि कुष्ठरोगातही तेच होते, पाय बधिर होतो. लोक म्हणत रोगानं बोटं झडतात. तामिळनाडूत वेल्लोरला १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड आले. त्यांनी पाहून पाहून दाखवून दिलं की बोटं नुसती रोगानं झडत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो, आणि त्यानं पाय जातो. मग मऊ रबराची चप्पल निघाली, तिला एमसीआर चप्पल म्हणतात. रोज पाय पाहायचे, साध्या पाण्यात भिजवायचे, घट्टा घासायचा, तेल लावायचं, चपलेत हात घालून खडा पाहायचा, हे रोग्याला शिकवलं गेलं. पुढं हेच ब्रँडसाहेब अमेरिकेत गेले आणि तेच शास्त्र त्यांनी तिथल्या साखरेच्या रोग्यांच्या पायाला लावलं.

आम्हाला हे ऐकून मोठं नवल वाटलं. कुष्ठरोग्यांच्या पायांवरून मिळालेलं ज्ञान अमेरिकेच्या साखरेवाल्यापर्यंत पोचलं. दत्तपूरहून नागपूर रेल्वेनं दीड-दोन तासांचं, पण आमच्या बाबाजींपर्यंत ते पोचलं नाही. आपल्याकडं सरकारच्या कुष्ठरोग कार्यक्रमात एमसीआर चप्पल रोग्याला फुकट देतात, जखमेची निगा शिकवतात. कार्यक्रम १९८३ पासूनचा. म्हणजे सार्वजनिक पायसेवा आहे. पण ती रोगाच्या नावावर आहे, पायाच्या नावावर नाही. साखरेनं बधिर झालेला पाय त्या दारातून आत जात नाही. आणि पूर्वी लोक ज्या माणसांना दिंडीत जवळ बसू देत नव्हते, त्यांच्याच पायावरून आज आपल्याला आपले पाय सांभाळायला शिकायचं आहे.

आता वारीतलं. अलीकडं सरकारचं लक्ष पायाकडं आलं आहे, हे मान्य केलं पाहिजे. २०२३ साली ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ निघाली, वाटेत डॉक्टर, औषधं, रुग्णवाहिका वाढल्या. पालखी मार्ग रुंद होतो आहे, त्याच्या दोन्ही अंगांना पायी चालणाऱ्यासाठी वाट ठेवली आहे. २०२५ च्या आषाढीत तर ‘चरणसेवा’ नावानंच काम झालं, मुक्कामी वारकऱ्यांचे पाय पाहून, चोळून देत होते. पूर्वी मुक्कामाच्या गावच्या बाया करत तेच काम सरकारनं उचललं. आमच्या बायामाणसांनी तिथं पहिल्यांदा मोकळेपणी पाय दाखवले, कारण समोर नर्सबाई होत्या.

पण वारी वीस-बावीस दिवसांची. बाकी वर्ष पाय घरीच असतात. वारीत पायाला फोड येतो तो आठ दिवसांत बरा होतो. पाय जातो तो घरी, प्रतापनगरच्या फरशीवर, शेतातल्या धुऱ्यावर. चोळल्यानं दमलेला पाय मोकळा होतो, बधिर पायाला चोळून काय कळणार?

घरच्या दिवसांसाठी काय आहे ते आम्ही विचारून विचारून गोळा केलं. २०१०-११ पासून केंद्राचा वृद्धांसाठी आरोग्य कार्यक्रम आहे, त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस म्हाताऱ्यांची ओपीडी ठरवलेली आहे. आपल्या केंद्रात तो वार कोणता, हे विचारायचा आपला हक्क आहे. तीस वर्षांवरच्या माणसाचा आशाताई फॉर्म भरते. त्यात तळहात-तळपायाला वारंवार मुंग्या येतात का, वारंवार जखम होते का, हेही असतं. आपली माणसं घाईनं “काई नाई, काई नाई” म्हणून मोकळी होतात. तिथं खरं सांगा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा मोफत आहे. नागपुरात मोठं म्हणजे मेडिकल, १९४७ सालचं, आणि आता मिहानकडं एम्स. छत्रपती चौकातून मेट्रोनं खापरीकडं जाता येते, पुढं ऑटो. पोचता येते. पण तिथं गेल्यावर नुसतं “साखर आहे” म्हणू नका. चप्पल काढून पाय वर ठेवा आणि म्हणा, “डॉक्टरसाहेब, पाय पाहा.”

योजनांचंही सांगतो. २०१७ ची राष्ट्रीय वयोश्री योजना, तिचं मोठं वाटप २०२२ च्या ऑगस्टात नागपुरात रेशीमबागेच्या मैदानावर झालं. काठ्या, खुर्च्या, चष्मे घेऊन आपलेही लोक आले. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची, ६५ वर्षांवरच्या माणसाला तीन हजार रुपये खात्यात. वस्तूंची यादी आम्हाला वाचून दाखवली. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेचा पट्टा. चपलेचं नाव त्यात आलं नाही. ह्या राज्याच्या यादीत गुडघ्यापर्यंत सरकार पोचलं आहे, अजून थोडं खाली यायचं आहे. दिंडीला २०२४ साली वीस हजारांचं अनुदान जाहीर झालं होतं. असे पैसे दिंडीकडं येतील तेव्हा त्यातून मऊ तळाच्या चपला घ्याव्या, मांडवाच्या झालरी कमी कराव्या, असं आमचं मत आम्ही बैठकीत मांडलं आहे. काहींना ते रुचलं नाही.

अनवाणी चालण्याच्या नवसाबद्दल आम्हाला नेहमी विचारतात. ज्याला पायाखालचा काटा समजतो त्यानं चालावं. ज्याला समजत नाही त्यानं अनवाणी चालू नये. कोणत्याही संतानं बधिर पाय घेऊन अनवाणी या असं सांगितलेलं नाही. पादुका पालखीत ठेवतो त्या तरी काय आहेत? पायात घालायचीच वस्तू आहे.

समजतं की नाही हे पाहायची एक सोपी रीत डॉक्टरांनी शिकवली. इंग्लंडातल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी काढलेली, सुई नाही, यंत्र नाही. माणसानं डोळे मिटायचे. दुसऱ्यानं बोटाच्या टोकानं त्याच्या पायाचा अंगठा, मधलं बोट, करंगळी, यांना अलगद हात लावायचा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, चोळायचं नाही, गुदगुली करायची नाही. दोन्ही पायांची मिळून सहा ठिकाणं. लागलं की त्यानं “हो” म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी समजलं नाही, तर दवाखाना. नातवालाही जमते. आम्ही कीर्तन संपल्यावर मांडवात करून पाहिलं. पहिल्या रांगेतले एक टाळकरी आजोबा डोळे मिटून बसले ते बसलेच, सहा वेळा हात लावला तरी म्हणाले, “लावा ना बाप्पा आता, कवाचा वाट पाहून राह्यलो.” आधी मांडव हसला, मग गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्यांना मेडिकलला नेलं.

त्यानंतर ठरलं ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्यांना सापडेल. दर वद्य एकादशीला प्रतापनगरात संध्याकाळचा हरिपाठ झाला की अर्धा तास पाय पाहायचे. पुरुषांकडं पुरुष, बायांकडं बाया. गरम पाण्याची परात बंद, पाणी साधं, आणि तेही आधी दुसऱ्यानं कोपरानं पाहायचं, कारण बधिर पायाला चटका समजत नाही. तेल टाचेला आणि तळव्याला, बोटांच्या बेचक्यात नाही. ब्लेड, विळा, बिब्बा मांडवात आणायचा नाही. नखं काढायला आपल्याच दिंडीतले एक न्हावीबुवा, सलून मुलाकडं देऊन मोकळे झालेले, नराणी घेऊन येणार आहेत. साखर असलेल्याच्या पायाला मात्र तेही हात लावणार नाहीत, ते दवाखान्याकडं. ज्याला दवाखान्यात जायचं त्याच्याबरोबर एक तरुण जाईल, त्यांची पाळी लावली आहे. चिठ्ठीच्या रांगेत तो उभा राहील, म्हाताऱ्यानं बसून राहायचं.

येताना जुना केसपेपर असेल तर घेऊन या. आणि चप्पल दाराशी काढू नका, हातात घेऊन आत या. तीही पाहायची असते.